कापलेल्या नळीचा इतिहास

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघाले, की आंबा घाटाच्या अलीकडे मलकापूर लागते. महाराष्ट्रात मलकापुरे अनेक आहेत. बुलढाणा जिल्ह्यातले मोठे, कराडजवळचे वेगळे. आमचे मलकापूर शाहूवाडी तालुक्यातले, कडवी नदीच्या खोऱ्यातले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि विशाळगडच्या पंतप्रतिनिधींचे ठाणे गडावरून खाली मलकापुरास आले, ही या गावाची इतिहासात सांगितली जाणारी मुख्य गोष्ट. आज आम्ही जी गोष्ट सांगणार आहोत तिला गड नाही, तट नाही, लढाई नाही. ती आहे एका जुन्या मोटारीच्या पोटाखालच्या हातभर नळीची.

आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एकाचे वडील मुंबईत बँकेत नोकरीला होते. निवृत्तीला वर्ष उरले असताना, १९९६ साली, त्यांनी नवी प्रीमियर पद्मिनी घेतली; १९९७ साली निवृत्त होऊन ते ती गाडी चालवतच मलकापुरास आले. गाडीला घरात कुणीही पद्मिनी म्हणत नाही. ती ‘फियाट’. वडील गेले, गाडी राहिली. यंदा पुनर्नोंदणीची, म्हणजे लोकभाषेत ‘पासिंग’ची, मुदत जवळ आली म्हणून ती कोल्हापुरास एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी गाडी उचलली, बॅटरीचा उजेड टाकला, धुराच्या नळीवर पान्याने दोनदा टकटक केली आणि म्हणाले, “सर, ह्यातला डबा कापलाय की. कॅटॅलिटिकचा. सरळ पाइप जोडलाय, वेल्डिंग जुनं हाय.”

आमच्या मित्राला प्रथम चोरीचा संशय आला. या डब्यात मौल्यवान धातू असतात आणि त्यासाठी ते कापून नेले जातात, हे हल्ली वर्तमानपत्रांतून वाचायला मिळते. पण चोर डबा नेतो, जागी नवा पाइप व्यवस्थित जोडून जात नाही. उत्तर घरातच सापडले. वडिलांची गाडीच्या खर्चाची एक वही होती. तीत १९९८ च्या मे महिन्यात, त्यांच्या ठाशीव अक्षरात, एकच ओळ होती : ‘सायलेन्सर. डबा काढून सरळ पाइप. कोल्हापूर. रु. ३५०. घाटात आता ओढते.’

‘घाटात आता ओढते’ या तीन शब्दांवर आम्ही बराच काळ अडलो. एका शिस्तप्रिय माणसाने, ज्याने आयुष्यात कधी तिकिटावाचून प्रवास केला नाही, आपल्या नव्या गाडीतला, कायद्याने बसवलेला भाग स्वतःच्या पैशाने कापून टाकला होता. आणि त्याची नोंद लपवूनही ठेवली नव्हती. त्यांनी चूक केली का? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यावर आम्हांस मलकापूरच्या बाहेर, बरेच लांब जावे लागले.

•

प्रथम या डब्याविषयी. पेट्रोलच्या इंजिनात इंधन पूर्ण जळत नाही. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, न जळलेले हायड्रोकार्बन निघतात, आणि उष्णतेमुळे हवेतल्याच नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा सायलेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला बसवलेला पोलादी डबा. आत चिनी मातीसारख्या पदार्थाची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट असते. तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. तापलेला धूर या छिद्रांतून जाताना उरलेले ज्वलन तेथे पूर्ण होते : मोनॉक्साइडचा डायऑक्साइड होतो, हायड्रोकार्बनचे पाणी आणि डायऑक्साइड होते. ऱ्होडियम घातलेले पुढचे प्रकार नायट्रोजनच्या ऑक्साइडांचाही बंदोबस्त करतात; मात्र त्यासाठी इंधन आणि हवा यांचे प्रमाण फार काटेकोर लागते आणि ते साध्या कार्बुरेटरला साधत नाही. धातू स्वतः खर्च होत नाही. तो केवळ क्रिया घडवून आणतो.

ही युक्ती निघाली लॉस एंजलिसच्या धुरातून. १९४३ च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारे धुके उतरले. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी हागेन-स्मिट या, मूळच्या डच, रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वाफांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके बनते. त्याच दशकात यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत मोटारीसाठी असा डबा तयार केला. तो चालेना, कारण पेट्रोलमध्ये शिसे होते. इंजिनात ‘नॉकिंग’ होऊ नये म्हणून थॉमस मिजली याने १९२१ साली टेट्राएथिल लेडचा उपाय शोधला होता आणि १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये मिसळले जात होते. हे शिसे धुराबरोबर येऊन प्लॅटिनमच्या थरावर बसते आणि तो थर निकामी होतो. धातू असतो, पण त्याच्यापर्यंत धूर पोहोचतच नाही. म्हणून अमेरिकेत १९७० चा हवाविषयक कायदा झाल्यावर १९७५ च्या मॉडेलांपासून जेव्हा डबे आले, तेव्हा त्यांच्यासोबत पंपावर शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले, आणि चुकून शिशाचे पेट्रोल भरले जाऊ नये म्हणून टाकीचे तोंडही अरुंद करावे लागले. डबा आणि पेट्रोल ही जोडी आहे. एकावाचून दुसऱ्याला अर्थ नाही. या लेखातली पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

•

भारतात मोटारीच्या धुराला कायद्याची पहिली देशव्यापी मोजपट्टी लागली ती १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत. १९९१ साली नव्या पेट्रोल गाड्यांसाठी उत्सर्जनाची मर्यादा आली. तिला डब्याची गरज नव्हती. कार्बुरेटर नीट असला की काम भागत होते. डबा आला तो न्यायालयाच्या वाटेने. दिल्लीच्या हवेबद्दल ॲड. एम. सी. मेहता यांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्या ओघात न्या. सैकिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९९४ साली न्यायालयासमोर वेळापत्रक ठरले : १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळेल, आणि त्याच दिवसापासून तेथे नोंदल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल.

चार महानगरांत. उरलेल्या देशात नाही.

याचा अर्थ असा, की १९९६ साली एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी, एकाच रंगाच्या दोन पद्मिनी बाहेर पडल्या, एक मुंबईत नोंदली गेली आणि दुसरी कोल्हापुरात, तर पहिलीच्या पोटात डबा असणे बंधनकारक होते, दुसरीच्या नव्हते. आज कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत त्या काळातल्या ज्या जुन्या गाड्या दिसतात त्यांतल्या बहुतेकींत डबा ‘नाहीसा’ झालेला नाही. तो कधी नव्हताच. जुन्या गाडीच्या नव्या मालकाने इंग्रजी पुस्तक उघडून ‘अमुक भाग हरवला आहे’ असे ठरवण्यापूर्वी, गाडी कोणत्या वर्षी आणि कोणत्या गावी नोंदली गेली हे पाहावे. इतिहासाच्या अभ्यासकाला हा धडा परिचित आहे. कागद नाही म्हणजे तो जळाला, असे नसते. पुष्कळदा तो लिहिलाच गेलेला नसतो.

मलकापूरच्या माणसाला ही विभागणी नवी वाटू नये. इंग्रजी अमलात हद्द ओलांडली की कायदा बदलत असे. खालसा मुलखात एक नियम, करवीर संस्थानात दुसरा, आणि संस्थानाच्या पोटातल्या विशाळगडसारख्या जहागिरीत आणखी काही तिसरेच. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ही हद्द कागदावरून पुसली गेली. त्यानंतर शेहेचाळीस वर्षांनी हवेपुरती ती पुन्हा आखली गेली. चार महानगरे हा खालसा मुलूख. बाकी सारे संस्थान.

न्यायाने बोलायचे तर या विभागणीमागे तर्क होता. दाट वस्तीत धूर साचतो, तो मुंबई-दिल्लीत साचत होता. तेलशुद्धीकरण कारखान्यांना सगळ्या देशासाठी एका रात्रीत शिसे वगळणे शक्य नव्हते. टप्प्याटप्प्याने जाणे शहाणपणाचेच होते, आणि टप्पे वेगानेही पडले. पूर्वी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असे, ते ०.१५ ग्रॅमवर आले, १९९७ पर्यंत देशभर तेच झाले. १९९८ मध्ये शिसेविरहित पेट्रोल राज्यांच्या राजधान्यांत आणि इतर मोठ्या शहरांत पोहोचले. १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशात. पाच वर्षांत हा बदल होणे ही लहान कामगिरी नव्हे. आमचे म्हणणे एवढेच, की नकाशा आखणाऱ्यांनी मोटार ही चाकांवर असते, हे पुरेसे लक्षात घेतले नाही.

•

१९९७ साली मलकापुरास आलेल्या त्या गाडीची अवस्था आता डोळ्यांसमोर आणता येते. राज्य तेच असल्यामुळे नंबर बदलला नाही. पाटी मुंबईची, पेट्रोल मलकापूरचे. त्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.१५ ग्रॅमपर्यंत शिसे. आकडा लहान दिसतो. पण शिसेविरहित म्हणवल्या जाणाऱ्या पेट्रोलची मर्यादा ०.०१३ ग्रॅम होती, म्हणजे हे तिच्या दहापटींहून अधिक. टाकीमागून टाकी जाळली जात असता प्लॅटिनमवर शिशाचा लेप चढत गेला असणार. मालकाला काही कळण्याचे कारण नाही. डबा निकामी झाला म्हणून गाडी बंद पडत नाही, त्या गाड्यांत दिवाही लागत नसे. घोटाळा होतो तो पुढे. कार्बुरेटर जरा सढळ झाला, एखादा प्लग चुकू लागला, की न जळलेले पेट्रोल डब्यात शिरून आतली वीट तापते, वितळते, छिद्रे बुजतात. धुराची वाट अडली की इंजिनाचा श्वास कोंडतो. सपाटीवर हे जाणवत नाही, चढावर जाणवते.

आणि त्या घरचे आजोळ होते घाटाखाली, साखरप्याला. दर सुटीत साखरप्याहून परतताना आंबा घाट चढणे आले. १०८९ सी.सी.चे इंजीन, पाच माणसे, वर नारळ-फणसांचे ओझे. आमच्या मित्राला ते आठवते : पहिल्या गिअरमध्ये घुसमटत चढणारी गाडी, मागे एस. टी.चा हॉर्न, आणि वडिलांचा घट्ट झालेला जबडा. ‘घाटात आता ओढते’ या शब्दांमागे हे आहे. त्या दिवशी कोल्हापुरातल्या कुणा मिस्त्रीने हॅक्सॉने डबा कापला, तेवढ्याच लांबीची नळी घेतली, गॅस वेल्डिंगने जोडली आणि साडेतीनशे रुपयांत गाडीचा श्वास मोकळा केला. मेलेला डबा धूर शुद्ध करीत नव्हताच. तो केवळ वाट अडवून बसला होता.

कोल्हापूरच्या मिस्त्रीची ही परंपरा हीन लेखण्यासारखी नाही. ‘मिळत नाही ते घडवायचे, नडते ते काढायचे’ हे या गावाच्या कारागिरीचे जुने सूत्र. परदेशी सिनेमा-कॅमेरा मिळेना म्हणून बाबुराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास तो कोल्हापुरातच तयार केला आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनीची ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटारच घडवली. ती बाजारात आली नाही हा भाग निराळा. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथांवर जुन्या गाड्यांचे बुश, शाफ्ट, पुली आजही कातले जातात. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, तरी तिची झीज भरून काढणारे हात या भागात टिकून आहेत.

मग या हातांनी डबा का दुरुस्त केला नाही? आम्हांला या सगळ्या शोधात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटली. कॅमेऱ्याचे दंतचक्र नजरेला दिसते, मापता येते, पितळेत कातता येते. डब्यातली क्रिया दिसत नाही. ग्रॅमांत मोजाव्या लागणाऱ्या धातूच्या, नजरेला न दिसणाऱ्या थरावर ती घडते; तो थर लेथवर चढवता येत नाही. कार्बुरेटर उघडता येतो, डायनामो पुन्हा गुंडाळता येतो. डबा उघडला की संपतो. त्या पद्मिनीतला हा बहुधा एकमेव भाग असावा, की जो उद्यमनगरात दुरुस्त होऊ शकत नव्हता, केवळ बदलता येत होता, आणि बदली १९९८ च्या कोल्हापुरात मिळाली असती तरी शिशाच्या पेट्रोलवर ती पुन्हा मेलीच असती. मिस्त्रीची करवत हे अज्ञान नव्हते. त्या परिस्थितीत तेच शहाणपण होते. दुरुस्तीचे युग संपून बदलीचे युग सुरू झाले, त्या सांध्यावर ती करवत फिरली.

•

येथवर आमचे तिघांचे एकमत होते. मतभेद पुढे झाला.

शिसे जाऊन पाव शतक उलटले. १९९८ चे कारण २००० च्या फेब्रुवारीतच संपले. मग पुढची पंचवीसहून अधिक वर्षे ती नळी तशीच का राहिली? उत्तर साधे आहे. कुणी विचारले नाही.

आपल्याकडे चालत्या गाडीची तपासणी म्हणजे पीयूसी. नियम ११५ अन्वये ती होते. गाडी जागेवर उभी, इंजीन संथ, नळीच्या तोंडात सळई आणि यंत्रावर दोन आकडे. ऑक्टोबर २००४ पासून लागू झालेल्या मर्यादांनुसार भारत स्टेज-२ आणि नंतरच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम. त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के आणि १५०० पीपीएम. पुढे भारत स्टेज-४ पासून मर्यादा आणखी कडक झाल्या. पण १९९६ ची गाडी ‘त्याआधीच्या’ गटात बसते, मग ती मुंबईत डब्यासह जन्मलेली असो वा कोल्हापुरात डब्यावाचून. कार्बुरेटर नीट लावलेला असेल तर ३ टक्क्यांची मर्यादा डब्याशिवायही सहज पाळता येते. आमच्या मित्राची गाडी दर सहा महिन्यांनी उत्तीर्ण होत आली ती खोटेपणाने नव्हे. कायद्याने तिला जे विचारले त्याचे तिने खरे उत्तर दिले. प्रश्नच मोघम होता.

कॅलिफोर्नियातली रीत उलट आहे. तेथे १९७६ ते १९९९ पर्यंतच्या मॉडेलच्या पेट्रोल गाडीच्या तपासणीत धूर मोजतात आणि भागही मोजतात. कारखान्यातून आलेला डबा, झडप, नळी जागेवर नसेल, तर धूर कितीही स्वच्छ असो, गाडी नापास. तेथील जुन्या मोटारींचे शौकीन कोणे एके काळी कुणी तरी उपटून फेकलेला हवेचा पंप भंगारात शोधत फिरतात ते यामुळे. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना मात्र पूर्ण सूट. एक कायदा वस्तू पाहतो, दुसरा परिणाम पाहतो. पहिल्यात निर्जीव डबाही पास होऊ शकतो, असा आक्षेप घेता येईल. दुसऱ्यात सजीव डब्याची गरजच उरत नाही. आम्हांला दोन्ही अपुरे वाटतात.

तिसरी वाटही होती, आणि ती मुंबईने दाखवली. १९९९ साली धुराने त्रस्त रहिवाशांच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, न्यायालयाने लाल समिती नेमली आणि तिच्या शिफारशींनंतर जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळणे भाग पडले. ज्या पद्मिनी टॅक्सींत जन्मतः धूर आवरण्याचे काहीच साधन नव्हते, त्यांच्या डिकीत सी.एन.जी.ची टाकी बसली. म्हातारपणी गाडी सुधारता येते, याचा तो पुरावा. त्या टॅक्सी पुढे वीस वर्षांच्या वयोमर्यादेपर्यंत धावल्या, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. अर्थात हेही खालसा मुलखातच घडले. मलकापूरसाठी कुणी याचिका केली नव्हती.

•

राहिला प्रश्न आजचा. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने ‘विंटेज’ वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जतन केलेली दुचाकी-चारचाकी त्यांत बसते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, आणि प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन व देखभाल यांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा जमलेली माणसे जिच्याकडे कौतुकाने पाहतात, ती या अर्थाने वारसा आहे. बँकेतल्या नोकरदाराची पद्मिनी वारसा ठरायला २०४६ उजाडावे लागेल. तोवर ती नुसती जुनी. तिला पासिंग लागते, पर्यावरण कर लागतो. पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेले आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढले. आणि गंमत अशी, की विंटेजच्या व्याख्येत मूळपणाची अट सांगताना सांगाडा, कवच आणि इंजीन यांचा उल्लेख आहे. धुराच्या नळीचा नाही. वारशाचा विचार करतानाही कायद्याला धूर आठवला नाही.

आमच्यापैकी एकाचे मत पडले की सरळ पाइप तसाच ठेवावा. तो जोड हाच खरा दस्तऐवज आहे. देशाने आखलेली हद्द आणि तिच्यावर गावाने काढलेला उपाय या दोहोंची खूण. नवा डबा बसवणे म्हणजे मोडीतल्या पत्रावर बॉलपेनने दुरुस्ती करणे. दुसऱ्याचे मत उलट. तो म्हणाला, गाडी संग्रहालयात नाही, रस्त्यावर आहे. तिच्या मागे शाळेची मुले सायकलवरून जातात. सह्याद्रीच्या रानाला एका पद्मिनीच्या धुराने काही होत नाही हे खरे. पण ‘आमच्या एकट्याने काय होते’ हे वाक्य आणि ‘त्या एका लहान गावाने काय होते’ हे वाक्य एकाच घरातले आहे. दुसऱ्या वाक्याबद्दल आपण तक्रार करतो, तर पहिले आपल्या तोंडी शोभत नाही.

तिसरा, म्हणजे ज्याची गाडी, बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दादांनी डबा काढला तेव्हा तो मेलेला होता. आता बसवला तर जगेल. एवढाच फरक आहे.”

बसवायचे ठरल्यावर मिस्त्रींनी आम्हांस थांबवले. नुसता डबा आणून चालत नाही. झिजलेल्या रिंगांमुळे इंजीन ऑइल जाळत असेल तर त्यातल्या फॉस्फरसानेही डबा मरतो, म्हणून आधी कॉम्प्रेशन तपासले. टॅपेट लावले, प्लग बदलले, कार्बुरेटर साफ करून मिश्रण बेताचे केले. सढळ मिश्रण राहिले असते तर नवी वीटही वितळली असती. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला. हे इथेनॉल उसाच्या मळीपासून आणि रसापासूनही होते, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या शेतांतूनही येते. एके काळी शहरातले पेट्रोल मलकापुरापर्यंत पोहोचत नव्हते; आता इथला ऊस शहरांतल्या टाक्यांत जातो. मूळ डबा मिळणे अशक्यच होते. या क्षमतेच्या इंजिनाला चालणारा पर्यायी डबा आणला, उष्णतेने खालचे गवत किंवा वरची फरशी पेटू नये म्हणून पत्र्याचे आवरण घातले, आणि जुने वेल्डिंग जिथे होते तिथेच नवे पडले.

पीयूसी केंद्रावरच्या मुलाने सळई घातली. दोन्ही आकडे पूर्वीपेक्षा खाली आले. कागदावरचा शेरा मात्र तोच राहिला, जो इतकी वर्षे येत होता. तो मुलगा त्या दिवशी आणि आधीच्या सहा महिन्यांत फरक करू शकत नव्हता, कारण त्याला तसे विचारायला कुणी सांगितलेले नाही. कायद्यासाठी काहीच बदलले नव्हते.

संध्याकाळी आम्ही साखरप्यापर्यंत जाऊन आलो. परतताना घाटात गाडी नीट ओढत होती. कापून काढलेली नळी आमच्या मित्राने भंगारात दिली नाही. ती गॅरेजच्या फळीवर आहे, तिच्या दोन्ही टोकांना दोन काळांची वेल्डिंगची कड आहे. वही त्याने घरी आल्यावर काढली. १९९८ च्या त्या ओळीवर काट मारायची नाही, खाली फक्त पुढची नोंद करायची, हे त्याचे त्यानेच ठरवले होते. तारीख, खर्च, ‘डबा पुन्हा बसवला’ एवढे लिहून तो थांबला, आणि मग वडिलांचेच शब्द त्याने खाली उतरवले : घाटात ओढते.